एक ठसा, अनेक दारे

दप्तरखान्याच्या दाराला लोखंडी कुलूप, किल्ल्यांचा जुडगा शिपायाच्या कमरेला आणि दुसरी किल्ली कार्यालयप्रमुखांच्या कपाटात, अशी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आता अभिलेख कक्ष, संगणक कक्ष, प्रयोगशाळा, औषधभांडार अशा ठिकाणी बोटाचा ठसा ओळखणारी इलेक्ट्रॉनिक कुलपे बसू लागली आहेत. बोट घरी विसरत नाही व उसने देता येत नाही, हा या कुलपांचा मोठा गुण होय. परंतु किल्ली हरवली तर कुलूप बदलता येते. ठसा चोरीस गेला तर बोट बदलता येत नाही. या एका फरकावरच नोंदणीची सारी दक्षता आधारलेली आहे.

ठशाची ओळख भारताला नवी नाही. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे १८९७ मध्ये कलकत्ता येथे ठशांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. तेथील वर्गीकरण पद्धती सिद्ध करण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता.

कुलूप काय साठवते?

नोंदणीच्या वेळी यंत्र ठशातील रेषा कोठे संपतात व कोठे दुभंगतात ते टिपते आणि त्या बिंदूंचा सांकेतिक नमुना तयार करते. पुढे दाराशी बोट टेकले की नवा नमुना जुन्याशी ताडून पाहिला जातो. दोन्ही तंतोतंत कधीच जुळत नाहीत; ठरावीक मर्यादेपर्यंत साम्य आढळले की दार उघडते. ही मर्यादा सैल ठेवली तर परका आत येण्याचा धोका वाढतो. फार कडक ठेवली तर हक्काचा कर्मचारी बाहेर तिष्ठत राहतो. नमुन्यावरून मूळ ठशाशी मिळताजुळता ठसा पुन्हा रचता येतो, हे संशोधनातून सिद्ध झाले आहे. म्हणून ‘चित्र नाही, केवळ आकडे आहेत’ असे म्हणून निर्धास्त राहणे योग्य नव्हे.

नोंदणी एकदाच, एकाच ठिकाणी

कार्यालयात पाच दारे असतील तर पाचही कुलपांपाशी वेगवेगळी नोंदणी करण्याचा प्रघात पडतो. तो टाळावा. अशाने एकाच व्यक्तीचे नमुने विखुरतात आणि कोणत्या दारात कोणाची नोंद आहे याचा मेळ राहत नाही. प्रथम कोणास कोणत्या दाराची खरोखर गरज आहे, याची यादी कार्यालयप्रमुखांनी लेखी मंजूर करावी. त्यानंतर एका निश्चित ठिकाणी, ओळखपत्र तपासून, दोन जबाबदार व्यक्तींसमक्ष नोंदणी करावी. दोन्ही हातांचे किमान एकेक बोट घ्यावे, म्हणजे एका बोटास जखम झाली तरी काम अडत नाही. यंत्राबरोबर आलेला मूळ संकेतांक पहिल्याच दिवशी बदलावा.

तयार झालेला नमुना कूटबद्ध करून, मंजूर दारांच्या कुलपांकडेच पाठवावा. पेन ड्राईव्हवर नमुने घेऊन दारोदार फिरणे धोक्याचे आहे. याहून चांगली पद्धत म्हणजे नमुना कर्मचाऱ्याच्या स्मार्ट कार्डातच ठेवणे. कार्ड व बोट जुळले की दार उघडते आणि सर्वांचे ठसे एका जागी साठवण्याची गरजच उरत नाही. असा साठा फुटला तर काय होते, हे अमेरिकेने अनुभवले आहे. तेथील संघराज्य शासनाच्या कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयातून सुमारे ५६ लाख व्यक्तींचे ठसे चोरीस गेल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले.

दाराबाहेर केवळ बोट टेकण्याचे यंत्र असावे. कडी सोडण्याचा निर्णय घेणारा भाग आतल्या बाजूस असावा. अन्यथा बाहेरचे यंत्र उचकटून, दोन तारा जोडून दार उघडणे शक्य होते.

नाव काढणे

नोंदणीइतकेच नाव काढणे महत्त्वाचे आहे. बदली वा सेवानिवृत्ती झालेल्या व्यक्तीचा नमुना त्याच दिवशी सर्व कुलपांतून काढावा. जे कुलूप जाळ्याशी जोडलेले नाही, त्याच्यापर्यंत मध्यवर्ती आदेश पोहोचत नाही. तेथे प्रत्यक्ष जाऊनच नोंद पुसावी लागते. दर तीन महिन्यांनी मंजूर यादी व प्रत्येक कुलपातील नोंदी ताडून पाहाव्यात.

माणसाचा मान

शेतीकाम, बांधकाम वा सततची धुणीभांडी यांमुळे अनेकांच्या बोटांच्या रेषा झिजतात. वयपरत्वेही त्या पुसट होतात. यंत्राने सफाई कामगारास वा वयस्क शिपायास ओळखले नाही, तर तो दोष त्याचा नव्हे. अशांसाठी कार्ड व गुप्त क्रमांकाची सोय प्रथमपासूनच असावी. वीज गेली वा आग लागली तरी आतील माणसास ठशाविना बाहेर पडता आले पाहिजे.

कायद्याची चौकट

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०१६ च्या आधार कायद्यान्वये आधारसाठी दिलेले ठसे कोणासही, कोणत्याही कारणास्तव देता येत नाहीत. म्हणून कुलपाची नोंदणी आधारहून पूर्णतः वेगळी आहे, हे सर्वांस समजावून सांगावे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला व नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. ठसा कशासाठी घेतला, कोठे ठेवला व केव्हा पुसला जाईल, हे नोंदणीपूर्वीच त्या व्यक्तीस मराठीत लेखी कळवणे, हीच या कायद्याच्या भावनेस धरून असलेली रीत होय.

ग्रामपंचायत असो वा शाळा, कुलूप खरेदी करण्यापूर्वी आधी एक प्रश्न विचारावा : या दाराला ठशाची खरोखर गरज आहे काय? खडूच्या कपाटाला साधी किल्ली पुरते. जेथे गरज आहे तेथे ठसा अवश्य घ्यावा. मात्र बोट टेकणाऱ्याने कार्यालयावर विश्वास टाकलेला असतो आणि त्या विश्वासाची राखण कार्यालयानेच करावयाची असते.