विमानात सायकल बसेल का? वजन, तोल आणि तापमान शिकवणारा एक पाठ



आपल्या खान्देशातल्या मुलांना छोटं विमान नवीन नाही. धुळ्याजवळ गोंदूरची धावपट्टी आहे. १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण तिथे चालतं. शिरपूरला तांड्याजवळ धावपट्टी आहे. जळगावच्या विमानतळालाही २०२१ मध्ये उड्डाण प्रशिक्षणासाठी निवडण्यात आलं. त्यामुळे तास सुरू असताना वरून घरघर आली की अर्धा वर्ग खिडकीकडे वळतो. पूर्वी मी रागवायचो. एकदा ठरवलं, की रागवण्यापेक्षा त्या विमानालाच वर्गात आणू.

निमित्त एका मुलाच्या प्रश्नाचं झालं. "सर, त्या विमानात माझी सायकल बसेल का?" सगळे हसले. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. अमेरिकेत आयडाहो, मोंटाना अशा डोंगराळ भागांत लोक खरोखरच छोट्या विमानात सायकल आणि तंबू टाकून गवताच्या धावपट्टीवर उतरतात, जवळच मुक्काम करतात आणि दुसऱ्या दिवशी डोंगरवाटांवर सायकल फिरवतात. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला दर उन्हाळ्यात विमानांचा मोठा मेळा भरतो. तिथे हजारो लोक आपापल्या विमानाच्या पंखाशेजारीच तंबू ठोकून राहतात.

मग आपण कागदावर अशी सहल का आखू नये? जळगावहून धुळ्याला उडायचं. गोंदूरहून सायकलने शहर ओलांडून मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी जायचं. रात्री तंबू, सकाळी किल्ला, आणि परत. आठवी-नववीच्या वर्गासाठी हा पाठ मी तीन तासिकांत घेतला. तो कसा झाला ते सांगतो.

उद्दिष्टे

१. वजनाची बेरीज-वजाबाकी खऱ्या निर्णयासाठी वापरणे.
२. तरफ आणि गुरुत्वमध्य यांचा संबंध समजणे.
३. तापमान आणि हवेची घनता यांचा संबंध समजणे.
४. "नाही, एवढं जमणार नाही" हे कारणासह सांगता येणे.

साहित्य: फूटपट्टी, पेन्सिल, नाणी, घरचा वजनकाटा, दप्तर. बस, एवढंच.

पहिली तासिका : किती न्यायचं?

प्रशिक्षणासाठी जगभर वापरलं जाणारं चार आसनी सेसना १७२ विमान आम्ही उदाहरणाला घेतलं. त्याच्या एका प्रचलित मॉडेलचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन ११५७ किलो असतं. रिकामं विमान साधारण ७७० किलो धरलं. (प्रत्येक विमानाचा आकडा वेगळा असतो. तो प्रत्यक्ष वजन करून कागदपत्रांत लिहिलेला असतो.) उरले ३८७ किलो.

आता फळ्यावर वजाबाकी. टाकीत वापरता येण्याजोगं इंधन सुमारे २०० लिटर. मुलांनी लगेच २०० किलो लिहिलं. इथे थांबायचं. विमानाचं पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला सुमारे ०.७२ किलो. म्हणजे १४४ किलो. घनतेचा धडा इथे आपोआप होतो. उरले २४३.

पुढे बसणारी दोन माणसं ७५ आणि ६५ किलोंची, म्हणजे १४० किलो. उरले १०३.

सामानाची यादी मुलांनी केली. दोन गिअरच्या सायकली ३० किलो, तंबू ४, अंथरूण-पांघरूण ६, स्टोव्ह, भांडी आणि शिधा ८, पाणी १५ लिटर म्हणजे १५, पंप, पाने आणि प्रथमोपचार पेटी ४, कपडे ८. एकूण ७५ किलो.

"बसलं सर! २८ किलो उरले!" वर्गात टाळ्या.

मी म्हटलं, "विमानाच्या पुस्तकात आणखी एक ओळ आहे. मागच्या सामानाच्या जागेत जास्तीत जास्त ५४ किलो."

टाळ्या थांबल्या. एकूण वजन मर्यादेत असूनही सामान चुकीच्या जागी होतं. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सायकली मागच्या सीटवर बांधू, चाकं काढून." बरोबर. सीटवर ३०, मागे ४५. नुसतं ठेवून चालत नाही, घट्ट बांधावंच लागतं, नाहीतर धक्का बसल्यावर सायकल पुढच्यांच्या डोक्यात येईल. हेही मुलांनीच सांगितलं. एसटीत वरच्या फळीवरून पिशवी डोक्यावर पडल्याचा अनुभव कोणाला नाही?

मग मी पेच टाकला. "तिसरा मित्र आला, ५५ किलोचा. काय कराल?"

२८ मधून ५५ जात नाहीत. मग काय काढायचं? कोणी म्हणे तंबू, कोणी म्हणे पाणी. एक मुलगा उठला, "सर, अर्ध्या तासाचं तर अंतर आहे. पेट्रोलच कमी टाकू."

हे उत्तर निम्मं बरोबर आहे, आणि म्हणूनच ते नीट तपासायला हवं. वैमानिक खरोखर गरजेपुरतंच इंधन घेतात. पण गरज म्हणजे किती? हे विमान तासाला साधारण ३५ लिटर पितं. दोन्ही विमानतळांमध्ये हवाई अंतर नव्वद-पंचाण्णव किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन साधारण एक तास. पण उतरायला उशीर झाला तर? ढग आले, दुसऱ्या धावपट्टीकडे वळावं लागलं तर? आम्ही प्रवासाला ३५, पाऊण तासाच्या राखीवला २६, दुसरीकडे वळण्यासाठी ३० आणि जमिनीवर इंजिन चालण्यासाठी ५ असं ९६ लिटर काढलं आणि १०० धरलं. तो मुलगा म्हणत होता ४० लिटर. मी त्याला एवढंच विचारलं, "मोटारसायकलचं पेट्रोल संपलं तर काय करतोस?" "ढकलत नेतो." मग तोच हसला आणि बसला.

१०० लिटर घेतल्यावर ७२ किलो मोकळे झाले. मित्राचं वजन बसलं, पण सीटवर मित्र बसला तर सायकली कुठे? त्या मागे टाकल्या तर पुन्हा ५४ ओलांडलं. शेवटी एका मुलीने निकाल लावला, "त्याला एसटीने पाठवा सर. धुळ्याला भेटेल." वर्गाने एकमताने ठराव मंजूर केला.

दुसरी तासिका : कुठे ठेवायचं?

फूटपट्टी पेन्सिलीवर आडवी ठेवा. पेन्सिलीपासून दोन सेंटिमीटरवर एका बाजूला चार नाणी ठेवा. दुसऱ्या बाजूला एकच नाणं घेऊन हळूहळू लांब सरकवा. आठ सेंटिमीटरवर तोल साधतो. मुलांना हे सी-सॉमुळे माहीत असतं, तरी हाताने करू द्या.

आता विमान. आमच्या उदाहरणात विमानाचा गुरुत्वमध्य पुढच्या सीटच्या जरासाच मागे येतो. म्हणजे पुढचा माणूस टेकूपासून वीतभर अंतरावर, तर सामानाची जागा सव्वा मीटरहून जास्त मागे. म्हणून मागचा एक किलो पुढच्या एका किलोपेक्षा कितीतरी जास्त ओढतो. शेपूट जड झाली की नाक वर जायला लागतं. वेग कमी होतो, पंखांना हवा पुरत नाही आणि वैमानिकाने कितीही दाबलं तरी नाक खाली येत नाही. जमिनीवर सारं ठीक दिसतं, चूक हवेत कळते. तिथे गाडी बाजूला घेता येत नाही.

दप्तराचा प्रयोगही करून घ्या. तीच पुस्तकं आधी पाठीला चिकटून ठेवा, मग बाहेरच्या कप्प्यात टाका. वजन तेच, पण खांद्याला फरक कळतो. पालकांनी हा प्रयोग घरी जरूर करावा, दप्तर भरायची पद्धत बदलेल.

तिसरी तासिका : कधी जायचं?

हा भाग खास आपल्या जिल्ह्यांसाठी. जळगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २५६ मीटर उंचीवर आहे. विमानशास्त्रात एक प्रमाण हवा मानली आहे. तिच्यात या उंचीला तापमान १३ अंशांच्या आसपास असतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४३ म्हणजे काही विशेष नाही.

हवा तापली की पसरते, विरळ होते. कापसाचं उदाहरण द्या. दाबून भरलेलं गाठोडं आणि सैल गाठोडं, आकार सारखाच पण सैल गाठोड्यात कापूस कमी. गरम हवेत तसंच आहे. पंखाला उचलायला हवा कमी, पंख्याला कापायला हवा कमी आणि इंजिनात जळायलाही हवा कमी. तिहेरी मार.

वैमानिकांचा ढोबळ नियम असा, की प्रमाणापेक्षा प्रत्येक अंश जास्त तापमानामागे विमानाच्या दृष्टीने धावपट्टी सुमारे ३६ मीटर उंच होते. गणित करा : ३० अंश गुणिले ३६ म्हणजे १०८०. त्यात २५६ मिळवले की १३३६ मीटर.

आता फळ्यावर तोरणमाळची उंची लिहा, सुमारे ११५० मीटर. मे महिन्याच्या दुपारी जळगावच्या सपाट धावपट्टीवर उभं असलेलं विमान जणू तोरणमाळपेक्षाही उंच जागी उभं असतं! वर्गात क्षणभर शांतता पसरली. मग एकाने विचारलं, "मग तेव्हा आपल्याला थंड का नाही वाटत?" यावर दहा मिनिटं चर्चा झाली. उंचावर हवा विरळ असते ती तिथला दाब कमी म्हणून, आणि आपल्याकडे विरळ होते ती उष्णतेने. परिणाम सारखा, कारण वेगळं. पुस्तकातला धडा वाचून हा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता.

विरळ हवेत विमानाला जास्त लांब धावावं लागतं आणि चढायलाही ते मंद होतं. म्हणजे ११५७ ही मर्यादा कागदावर तीच असली, तरी मे महिन्याच्या दुपारी तेवढं वजन घेऊन निघणं शहाणपणाचं नसेल. पुन्हा प्रश्न आला, काय काढायचं? पाणी काढावं तर लळिंगच्या उन्हात जीव जाईल. मुलं बराच वेळ यादीशी झटली. शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, सामान नको काढायला. तारीख बदलू. डिसेंबरात सकाळी जाऊ."

खरं सांगतो, हे उत्तर माझ्या टाचणात नव्हतं. मी वजन कमी करण्याच्याच विचारात होतो. डिसेंबरच्या सकाळी पारा बारा अंशांवर असेल तर हवा जवळपास प्रमाणाइतकीच दाट असते. सामान तेच, विमान तेच, पण काम सोपं होतं. आपला शेतकरीही उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत काम उरकतोच की.

मुलांनी विचारलंच तर

चोपडा तालुक्यातल्या अपघाताबद्दल मुलं विचारतात. टाळू नका. १६ जुलै २०२१ रोजी वर्डी परिसरात सातपुड्याच्या भागात एक प्रशिक्षण विमान कोसळलं. प्रशिक्षकांचा मृत्यू झाला आणि शिकणारी तरुणी गंभीर जखमी झाली. तिथल्या आदिवासी गावकऱ्यांनी कापडाची झोळी करून तिला खाली आणलं. आपल्या पाठातली गणितं त्या अपघाताला लावायची नाहीत. कारणं शोधणं हे तपास यंत्रणांचं काम. मुलांना एवढंच सांगा, की विमानात हिशेब इतका काटेकोर का करतात, आणि संकटात धावून जाणारी माणसं आपल्याच मातीत आहेत.

"आपल्यालाही उडता येईल का?" हाही प्रश्न येतो. शिकाऊ परवान्यासाठी वय १६ लागतं. खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी १७ वर्षं आणि किमान ४० तासांचं उड्डाण, व्यावसायिक परवान्यासाठी १८ वर्षं आणि २०० तास. खर्च लाखांत जातो, हे लपवू नका. पण वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि २०२० मध्ये त्याची उड्डाण चाचणी आपल्या धुळ्यातच झाली, हेही जरूर सांगा.

शिवाय अशी सहल प्रत्यक्षात करायची तर उड्डाणाचा आराखडा, हवाई वाहतूक नियंत्रणाची मंजुरी, विमानतळाची परवानगी आणि जंगलात मुक्कामासाठी वनविभागाची परवानगी लागते. मनात आलं आणि निघालो, असं आपल्याकडे होत नाही.

स्वाध्याय

१. घरच्या मोटारसायकलवर किती जणांना परवानगी आहे? प्रत्यक्षात किती बसतात?
२. स्वतःच्या दप्तराचं वजन करा. रोज न लागणाऱ्या वस्तूंची यादी करा.
३. ४० अंश तापमानाला जळगावची धावपट्टी विमानासाठी किती उंच होईल?
४. तिसऱ्या मित्राला एसटीने पाठवायचं आहे. त्याला वाईट वाटणार नाही अशा शब्दांत कारण समजावणारं पत्र लिहा.

चौथा प्रश्न भाषेचा वाटेल, पण माझ्या मते तोच या पाठाचा गाभा आहे. आपल्याकडे "बस रे, ॲडजस्ट होईल" हा प्रेमाचा शब्द आहे. गाडी भरलेली असली तरी कोणाला नाही म्हणणं उद्धटपणा वाटतो. विमानात तो शब्द चालत नाही, आणि खरं तर रस्त्यावरही चालत नाही.

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात एका मुलीने लिहिलं होतं, "परवानगी २. आम्ही ४ बसतो. बाबांना आकडा दाखवला. ते काही बोलले नाहीत. पण आज मला आणि भावाला दोन फेऱ्यांत सोडलं."

तिच्या वहीवर मी फक्त 'बरोबर' एवढंच लिहिलं.