समोरासमोरच्या दोन रांगा : बैठक-रचनेची कोडी

सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या लिपिक-भरतीच्या परीक्षा प्रादेशिक भाषांतूनही घेण्याचा निर्णय २०२१ साली झाला. सिल्वासा परिसरात मराठी माध्यमातून शिकलेल्या उमेदवारांना तो उपकारक आहे. या परीक्षांतील बैठक-रचनेच्या एकाच कोड्यावर बहुधा पाच प्रश्न असतात. एक आसन चुकले की अनेक उत्तरे चुकतात, आणि चुकीच्या उत्तराबद्दल त्या प्रश्नाचे पाव गुण वजा होतात.

अशा कोड्याचे मर्म दिशेत आहे. कागदाच्या वरच्या बाजूस उत्तर धरावी. खालच्या रांगेचे तोंड उत्तरेकडे, म्हणून तिची उजवी बाजू पूर्वेस येते. वरच्या रांगेचे तोंड दक्षिणेकडे, म्हणून तिची उजवी बाजू पश्चिमेस, म्हणजे आपल्या डाव्या हातास येते.

उदाहरण : वरच्या रांगेत दादरा, नरोली, रखोली व रांधा, आणि खालच्या रांगेत सिल्वासा, खानवेल, आंबोली व दुधनी या गावांचे प्रतिनिधी समोरासमोर बसले आहेत.

(१) खानवेल हा दुधनीच्या उजवीकडे दुसरा आहे.
(२) नरोली खानवेलच्या समोर आहे.
(३) दादरा नरोलीच्या लगतच उजवीकडे आहे.
(४) रखोली टोकाला असून दादऱ्याच्या शेजारी आहे.
(५) सिल्वासा दादऱ्याच्या समोर आहे.

उकल : आसनांना पश्चिमेकडून १ ते ४ क्रमांक द्यावेत. पहिल्या अटीनुसार दुधनी-खानवेल यांची आसने १ व ३ किंवा २ व ४ असू शकतात. दोन्ही शक्यता शेजारी-शेजारी मांडाव्यात. दुसऱ्या शक्यतेत नरोली ४ वर व दादरा ३ वर येतो. मग रखोलीला दादऱ्याशेजारचे टोक मिळत नाही. ही शक्यता बाद होते. पहिलीत नरोली ३, दादरा २ व रखोली १ असे जुळते. सिल्वासा २ वर येतो. उरलेल्या जागा आपोआप भरतात :

वर : रखोली, दादरा, नरोली, रांधा
खाली : दुधनी, सिल्वासा, खानवेल, आंबोली

म्हणून रांध्याच्या समोर आंबोली आहे.

वरच्या रांगेची उजवी बाजू कागदाच्या उजवीकडे धरल्यास येथे एकही मांडणी जमत नाही. तेव्हा कोडेच चुकीचे आहे असे ठरविण्यापूर्वी उमेदवारांनी दक्षिणाभिमुख रांगेची उजवी-डावी पुन्हा तपासावी, आणि मांडणी पूर्ण होताच प्रत्येक अट तीवर पडताळून मगच उत्तरे नोंदवावीत.