साडेतीन सेकंदांचे उड्डाण

विमान वर नेण्यासाठी त्याचे नाक उचलावे लागते. पण ते फार उचलले तर काय होते?

१४ डिसेंबर १९०३. अमेरिकेतील किल डेव्हिल हिल्स येथे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट या भावांनी आपले विमान तयार ठेवले होते. आधी कोणी उडायचे? त्यांनी नाणेफेक केली. विल्बर जिंकला. तो विमानात पालथा झोपला. टेकडीच्या उतारावर घातलेल्या लाकडी रुळावरून विमान धावले. रूळ सोडताच विल्बरने त्याचे नाक गरजेपेक्षा जास्त वर उचलले. विमान सुमारे १५ फूट चढले. पण त्याचा वेग घटला. पंखांना हवेचा आधार मिळेना. साडेतीन सेकंदांत ते वाळूवर आदळले. काही भाग मोडले. सुदैवाने विल्बरला इजा झाली नाही.

विल्बरने यंत्राला दोष दिला नाही. यंत्राची शक्ती पुरेशी आहे, अनुभव नसल्यामुळे लहानशी चूक झाली, असे त्याने घरी कळवले. दोघांनी विमान दुरुस्त केले. १७ डिसेंबरला ऑर्व्हिल १२ सेकंद उडाला. त्याच दिवशी विल्बरने ५९ सेकंद उड्डाण केले.

आजच्या छोट्या मायक्रोलाइट विमानांनाही हाच नियम लागू आहे : आधी वेग, मग उंची.

प्रश्न : विल्बरचे विमान का पडले?