स्वस्त संगणक, मुक्त साधने आणि शालेय विज्ञानशिक्षण

विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन, मानवतावाद, जिज्ञासा आणि सुधारणावृत्ती यांचा विकास करणे हे भारतीय नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ५१अ अन्वये या कर्तव्याचा राज्यघटनेत समावेश करण्यात आला. मात्र असा दृष्टिकोन केवळ पाठ्यपुस्तक वाचून निर्माण होत नाही. निरीक्षण करणे, मोजणे, अनुमान बांधणे आणि पुरावा विरुद्ध गेल्यास ते अनुमान सोडून देणे, या सवयींतून तो घडतो. त्यासाठी प्रयोग आवश्यक असतात आणि प्रयोगांसाठी साधने लागतात. देशातील अनेक शाळांची अडचण नेमकी येथेच आहे. फळ्यावर आकृती काढली जाते, निरीक्षणांचा तक्ता लिहून दिला जातो आणि प्रयोग पूर्ण झाल्याची नोंद होते. अशा शाळेतील विद्यार्थी विज्ञानात उत्तीर्ण होतो. परंतु त्याच्या हातून विज्ञान घडलेले नसते.

कमी किमतीचे संगणक आणि इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध असलेले शैक्षणिक साहित्य यांच्या साहाय्याने ही उणीव भरून काढता येईल, ही अपेक्षा गेल्या पाव शतकात वारंवार व्यक्त झाली आहे. ती कितपत पूर्ण झाली आणि कोठे अपुरी पडली, याचा विचार करणे आवश्यक आहे.

स्वस्त संगणकाचा शोध

या दिशेने झालेल्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक भारतातच झाला. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एका खासगी कंपनीतील अभियंते यांनी मिळून हातात मावणारा ‘सिम्प्युटर’ तयार केला. २००१ मध्ये त्याचा नमुना सादर झाला आणि २००४ मध्ये तो बाजारात आला. एकच यंत्र अनेकांनी वापरावे आणि प्रत्येकाची माहिती त्याच्या स्मार्ट कार्डावर राहावी, ही त्यामागील कल्पना होती. मात्र मोठ्या प्रमाणावर मागणी नसल्याने हा उपक्रम फार पुढे जाऊ शकला नाही.

२००५ च्या जानेवारीत अमेरिकेतील निकोलस नेग्रोपोंटे यांनी प्रत्येक मुलाला १०० डॉलरचा लॅपटॉप देण्याची योजना जाहीर केली. प्रत्यक्षात २००७ मध्ये या ‘एक्सओ’ लॅपटॉपची किंमत सुमारे १८८ डॉलर झाली. उन्हातही वाचता येणारा पडदा आणि अल्प वीजवापर ही त्याची वैशिष्ट्ये होती. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच ही योजना स्वीकारण्यास नकार दिला. तरीही रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका छोट्या वस्तीवरील प्राथमिक शाळेत २००७ पासून या लॅपटॉपचा प्रायोगिक वापर झाला.

त्यानंतर ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने ‘आकाश’ हा टॅबलेट सादर केला. पहिल्या आवृत्तीचा संथ वेग आणि अल्पकाळ टिकणारी बॅटरी यांविषयी तक्रारी आल्या. सुधारित आवृत्ती ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सादर करण्यात आली. परंतु पुढे ही योजनाही मागे पडली.

याच काळात ब्रिटनमध्ये वेगळ्या विचाराने ‘रास्पबेरी पाय’ हा संगणक तयार झाला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आलेल्या या संगणकाच्या एका नमुन्याची किंमत ३५ डॉलर होती. क्रेडिट कार्डाएवढ्या एकाच पट्टीवर संपूर्ण संगणक बसविलेला असून पडदा आणि कळफलक स्वतंत्रपणे जोडावे लागतात. त्याच्या कडेला असलेल्या धातूच्या पिनांना दिवे, मोटारी व तापमापकासारखे संवेदक जोडता येतात. विज्ञानशिक्षणाच्या दृष्टीने ही सोय किमतीइतकीच महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे संगणक पडद्याबाहेरच्या जगाशी जोडला जातो.

पेरूमधील अनुभव

यंत्र दिल्याने शिक्षण आपोआप सुधारते का, या प्रश्नाचे उत्तर दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाच्या अनुभवातून मिळते. तेथे एक्सओ लॅपटॉपचे फार मोठ्या प्रमाणावर वाटप झाले. आंतर-अमेरिकी विकास बँकेने ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. योजनेतील शाळांत संगणकांची उपलब्धता प्रचंड वाढली होती. मात्र गणित आणि भाषा या विषयांतील गुणांवर परिणाम झाल्याचा पुरावा आढळला नाही. सामान्य आकलनक्षमतेच्या काही चाचण्यांत तेवढी थोडी प्रगती दिसून आली.

या निष्कर्षाचा अर्थ संगणक निरुपयोगी आहे असा नाही. त्या यंत्राने नेमके काय शिकवायचे, कोणत्या पाठात ते वापरायचे आणि शिक्षकाची भूमिका कोणती, हे निश्चित झाल्याशिवाय केवळ वाटपातून फारसे काही साध्य होत नाही, एवढाच तो अर्थ आहे.

‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांतील भेद

यंत्राइतकेच त्यावरील साहित्यही महत्त्वाचे असते. येथे ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ या दोन संज्ञांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. मोफत साहित्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. परंतु त्यात बदल करण्याचा किंवा ते इतरांना वाटण्याचा अधिकार मिळेलच असे नाही. मुक्त साहित्य जपून ठेवता येते, वापरता येते, त्यात बदल करता येतो, इतर साहित्यासह त्याची नवी रचना करता येते आणि ते पुन्हा वाटता येते. ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा युनेस्कोने २००२ मध्ये आयोजित केलेल्या बैठकीत रूढ झाली. २०१९ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने या विषयावरील शिफारस स्वीकारली.

भारतासारख्या बहुभाषिक देशात हा भेद निर्णायक ठरतो. इंग्रजीतील एखादा उत्तम पाठ केवळ मोफत असेल, तर मराठी, संताळी किंवा मिझो भाषेत शिकणाऱ्या मुलाला त्याचा लाभ मर्यादित राहतो. तो मुक्त असेल, तर स्थानिक शिक्षक त्याचे भाषांतर करू शकतो आणि त्यात आपल्या परिसरातील उदाहरणे घालू शकतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्त आज्ञावलींचे दृक्-श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून देऊन हा मार्ग व्यवहार्य असल्याचे दाखविले आहे. केरळ राज्यानेही २००१ मध्ये सुरू झालेल्या आपल्या ‘आयटी@स्कूल’ प्रकल्पात पुढे मुक्त आज्ञावलींचाच स्वीकार केला.

पडद्यावरील प्रयोग आणि टेबलावरील प्रयोग

विज्ञानविषयक डिजिटल साहित्याचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार चित्रफिती आणि पाठांचा. यात मूल प्रामुख्याने पाहते व ऐकते. दुसरा प्रकार आभासी प्रयोगांचा. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला ‘फेट’ प्रकल्प याचे प्रमुख उदाहरण होय. त्यातील अनेक आभासी प्रयोग मराठीतही उपलब्ध असून ते उतरवून घेतल्यास इंटरनेटविनाही चालतात. भारतात अमृता विश्वविद्यापीठ आणि सी-डॅक यांनी विकसित केलेल्या ‘ओलॅब्ज’मध्ये नववी ते बारावीच्या अभ्यासक्रमातील प्रयोग आहेत. तिसऱ्या प्रकारात संगणक स्वतःच मोजमापाचे उपकरण बनतो.

या तिसऱ्या प्रकारातील उल्लेखनीय भारतीय कार्य म्हणजे नवी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राने विकसित केलेले ‘एक्सपाईज’ हे उपकरण होय. यूएसबी तारेने संगणकाला जोडली जाणारी ही छोटी पेटी विद्युतदाब आणि वेळ मोजते व त्यांचा आलेख पडद्यावर काढते. तिची रचना आणि आज्ञावली या दोन्ही मुक्त आहेत. तिच्या ‘ज्युनियर’ आवृत्तीत उणे ५ ते अधिक ५ व्होल्टच्या पट्ट्याचे १२ बिटांत, म्हणजे ४०९६ पायऱ्यांत, विभाजन होते. त्यामुळे प्रत्येक पायरी सुमारे २.४ मिलिव्होल्टची असते. शालेय प्रयोगांसाठी ही अचूकता पुरेशी आहे.

दोन उदाहरणे

लंबकाचा प्रयोग सर्वपरिचित आहे. एक मीटर लांबीच्या लंबकाचा दोलनकाल सुमारे २ सेकंद आणि २५ सेंटिमीटर लांबीच्या लंबकाचा सुमारे १ सेकंद असतो. लांबी चौपट केली की काल दुप्पट होतो, हा नियम मुलांना दोरा, दगड आणि घड्याळ यांवरूनही शोधता येतो. एका दोलनाऐवजी २० दोलने मोजली तर घड्याळ सुरू व बंद करण्यातील चूक २० दोलनांत विभागली जाते, हे त्यांना येथेच उमगते. यानंतर प्रकाशसंवेदक जोडून संगणकाने तोच काल मोजला, तर हाताने केलेले मापन किती बरोबर होते याची पडताळणी होते. शेवटी आभासी प्रयोगात लंबक चंद्रावर नेता येतो. तेथील गुरुत्व त्वरण पृथ्वीच्या सुमारे एकषष्ठांश असल्याने एक मीटर लंबकाचा दोलनकाल जवळजवळ ५ सेकंद होतो. वर्गात अशक्य असलेला हा भाग पडद्यावर शक्य होतो. या तिन्ही टप्प्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पडद्यापासून सुरुवात केली, तर मुलाच्या लेखी चंद्रावरील आणि वर्गातील लंबक दोन्ही सारखेच काल्पनिक ठरतात.

दुसरे उदाहरण विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे आहे. तारेच्या वेटोळ्यातून चुंबक खाली सोडला असता संगणकाच्या पडद्यावर एकापाठोपाठ दोन शिखरे उमटतात. त्यांच्या दिशा परस्परविरुद्ध असतात, कारण चुंबक आत येताना वेटोळ्यातील चुंबकीय प्रवाह वाढतो आणि बाहेर पडताना घटतो. दुसरे शिखर पहिल्यापेक्षा उंच पण अरुंद असते, कारण पडणाऱ्या चुंबकाचा वेग वाढलेला असतो. ही सारी घटना सेकंदाच्या अल्पांशात घडते. साध्या गॅल्व्हानोमीटरचा काटा नुसता थरथरतो. संगणक मात्र ती घटना टिपून तिचा आलेख समोर ठेवतो. फॅरडेचा नियम, लेंझचा नियम आणि गुरुत्व त्वरण या तीन स्वतंत्र प्रकरणांतील संकल्पना येथे एकाच आलेखात भेटतात.

आभासी प्रयोगाची मर्यादाही यावरून स्पष्ट होते. त्यात घातलेल्या नियमांपलीकडचे काही त्यातून निष्पन्न होत नाही. प्रत्यक्ष प्रयोगात घर्षण असते, दोरा ताणला जातो, वाचन चुकते; आणि उत्तर का जुळले नाही याचा शोध घेताना मूल विज्ञान शिकते.

स्वस्ताईची देशी परंपरा

अल्प खर्चातील विज्ञानशिक्षण भारताला नवीन नाही. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ शाळांतून सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम २००२ पर्यंत चालला. साध्या साहित्याच्या पेट्या, गटागटाने प्रयोग आणि पुस्तक उघडे ठेवून परीक्षा ही त्याची वैशिष्ट्ये होती. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनविण्याच्या पद्धतींचा मोठा संग्रह उभा केला आणि तो मराठीसह अनेक भाषांत इंटरनेटवर विनामूल्य खुला केला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्रीने सन्मानित करण्यात आले. या संग्रहात संगणकाचे काम केवळ कृती पोहोचविण्याचे आहे. प्रयोग काडेपेटी, सायकलची ट्यूब आणि जुन्या झाकणांनीच होतो. डिजिटल साधने या परंपरेची जागा घेण्यासाठी नसून तिला पूरक ठरण्यासाठी आहेत.

धोरणात्मक चौकट

शाळांतील माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची केंद्रीय योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी २० सप्टेंबर रोजी शिक्षणासाठीचा ‘एज्युसॅट’ उपग्रह सोडण्यात आला होता. या क्षेत्राचे राष्ट्रीय धोरण २०१२ मध्ये आले आणि २०१८ पासून संबंधित योजना समग्र शिक्षा अभियानात समाविष्ट झाली. २०१३ मध्ये मुक्त शैक्षणिक संसाधनांचे राष्ट्रीय भांडार आणि २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू करण्यात आले. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडच्या साहाय्याने ‘दीक्षा’वरील साहित्यापर्यंत पोहोचता येते. अटल नवोन्मेष अभियानांतर्गत शाळांत प्रयोगशील कार्यशाळा उभारण्यात आल्या असून २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये अशा ५० हजार कार्यशाळांचे उद्दिष्ट जाहीर करण्यात आले.

सुविधांतील तफावत मात्र कायम आहे. यूडायस प्लसच्या आकडेवारीनुसार संगणक असलेल्या शाळांचे प्रमाण २०२३-२४ मधील ५७.२ टक्क्यांवरून २०२४-२५ मध्ये ६४.७ टक्क्यांवर गेले. याच काळात इंटरनेट असलेल्या शाळांचे प्रमाण ५३.९ वरून ६३.५ टक्के झाले. वाढ लक्षणीय आहे. तरीही एकतृतीयांशाहून अधिक शाळा अद्याप या परिघाबाहेर आहेत.

खऱ्या खर्चाचा हिशेब

यंत्राची खरेदी किंमत हा एकूण खर्चाचा केवळ एक भाग असतो. वीजपुरवठा, दुरुस्ती, सुटे भाग, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि स्थानिक भाषेतील साहित्य यांवरील खर्च अंदाजपत्रकात धरला नाही, तर स्वस्त संगणक लवकरच कपाटात जातो. इंटरनेटच्या अभावावर काही प्रमाणात मार्ग उपलब्ध आहेत. ‘कोलिब्री’ किंवा ‘किविक्स’सारख्या मुक्त आज्ञावलींच्या साहाय्याने पाठ आणि विश्वकोश एका छोट्या संगणकावर साठविता येतात. वर्गातील इतर यंत्रे स्थानिक वायरलेस जाळ्यातून त्यांचा वापर करू शकतात. अशा वेळी इंटरनेटची जोडणी साहित्य अद्ययावत करण्यापुरतीच लागते.

सर्वांत महत्त्वाचा घटक शिक्षक हाच आहे. प्रश्न कोणता विचारावा, मुलाला केव्हा चुकू द्यावे आणि पडदा केव्हा बंद करावा, हे त्यालाच ठरवावे लागते. परीक्षापद्धतीही याला जुळणारी हवी. प्रश्नपत्रिकेत केवळ व्याख्या विचारल्या गेल्या, तर प्रयोगासाठी तासिका देणे शिक्षकालाही परवडत नाही आणि विद्यार्थ्यालाही.

समारोप

सिम्प्युटरपासून आजच्या डिजिटल व्यासपीठांपर्यंतच्या प्रवासातून एक गोष्ट स्पष्ट होते. योजनेचे यश किती यंत्रे वाटली यावर नव्हे, तर किती मुलांनी स्वतः मोजले, आलेख काढला आणि त्यावर प्रश्न विचारला यावर मोजले पाहिजे. पाच-सहा विद्यार्थ्यांच्या गटाला एक साधा संगणक, एक मापनपेटी, मातृभाषेतील मुक्त साहित्य आणि प्रशिक्षित शिक्षक मिळाला, तर प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतही विज्ञान शिकता येते. राज्यघटनेला अभिप्रेत असलेला विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन शहरातील सुसज्ज शाळांपुरता मर्यादित राहणार की वाडीवस्तीवरील मुलापर्यंत पोहोचणार, हे या चार गोष्टी एकत्र आणण्यावर अवलंबून आहे.