शर्यतीच्या वेगाचा सराव

वाराणसीस गंगेच्या पश्चिम तीरावर अमृतराव घाट आहे. रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र अमृतराव यांच्या नावाने तो ओळखला जाई. आता त्यास राजा घाट असे म्हणतात. अशा घाटाच्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरून पोहावयास शिकलेल्या माणसाच्या अंगी दम असतो व धीरही असतो. परंतु शर्यतीत उतरावयाचे झाल्यास त्यास आणखी एक गोष्ट ठाऊक असावी लागते. ती म्हणजे आपला नेमका वेग. नदी हे ज्ञान सहजासहजी देत नाही.

समजा, काठाने ५० मीटर अंतर आखले असून प्रवाहाचा वेग सेकंदास अर्धा मीटर आहे. स्थिर पाण्यात सेकंदास दीड मीटर जाणारा पोहणारा प्रवाहाबरोबर हे अंतर २५ सेकंदांत तोडील. परत येण्यास मात्र त्यास ५० सेकंद लागतील. एकूण ७५ सेकंद झाले. स्थिर पाण्यात हेच १०० मीटर सुमारे ६७ सेकंदांत झाले असते. जातानाच्या लाभाने येतानाचा तोटा भरून निघतो, ही समजूत खरी नव्हे. कारण प्रतिकूल प्रवाहात तो दुप्पट काळ असतो. शिवाय नदीचा ओघ ऋतूप्रमाणे पालटतो. म्हणून वेगाचा सराव मोजलेल्या तलावातच करणे इष्ट होय.

अल्प अंतराच्या शर्यतीत या मोजमापाचे महत्त्व फार. १९८६ नंतर आशियाई क्रीडास्पर्धेत भारतास जलतरणाचे पदक २०१० मध्ये मिळाले. ते कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी ५० मीटर बटरफ्लायमध्ये मिळविले. २०१८ मध्ये जाकार्ता येथे ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत त्यांनी २२.४७ सेकंदांची वेळ दिली आणि अवघ्या ०.०१ सेकंदाने त्यांचे कांस्यपदक हुकले. त्या वेगाने इतक्या अवधीत सुमारे २.२ सेंटिमीटर अंतर तोडले जाते.

असा वेग संथपणे पुष्कळ पोहून येईल काय? पाण्याचा प्रतिरोध साधारणतः वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. वेग एक दशांशाने वाढवावयाचा तर शक्ती सुमारे एक तृतीयांशाने अधिक हवी. वेग पालटला की हात मारण्याची गती, एका हातात तोडले जाणारे अंतर, शरीराची पाण्यातील ठेवण व श्वासाचा मेळ हे सारेच पालटते. संथ पोहण्यात मज्जासंस्थेस जे वळण लागते, ते संथ पोहण्याचेच असते.

तथापि शर्यतीच्या वेगाने सलग फार वेळ पोहता येत नाही. स्नायूंतील तात्काळ ऊर्जेचा साठा काही सेकंदांतच बराचसा खर्ची पडतो. पुढे दुग्धाम्ल साचू लागते व हात जड होतात. यावर उपाय म्हणजे अंतराचे लहान तुकडे पाडणे. अमेरिकेतील क्रीडाशास्त्रज्ञ ब्रेंट रशॉल यांनी हीच पद्धती आग्रहाने मांडली. १०० मीटर ६० सेकंदांत पोहण्याचे ध्येय असेल, तर २५ मीटर १५ सेकंदांत पोहावे, १५ ते २० सेकंद विसावा घ्यावा आणि पुन्हा निघावे. या विसाव्यात प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जेचा साठा काही अंशी भरून निघतो. त्यामुळे एका शर्यतीत जेवढे अंतर त्या वेगाने तोडले जाते, त्याच्या कितीतरी पट अंतर एका सत्रात तोडता येते.

या पद्धतीतील मर्म थांबण्याच्या नियमात आहे. ठरलेली वेळ एकदा चुकली तर पुढील एक फेरी सोडून विश्रांती घ्यावी. लागोपाठ दोन वेळा किंवा एकूण तीन वेळा चूक झाली की तो सराव तेथेच संपवावा. त्यापुढे पोहणे म्हणजे थकलेल्या अंगाने चुकीचे हात गिरविणे होय. येथे थांबणे हा दुबळेपणा नसून शिस्तीचाच भाग आहे.

या पद्धतीविषयी मार्गदर्शकांत एकमत नाही. दीर्घ व संथ पोहण्याने हृदय व फुप्फुसे यांची क्षमता वाढते, म्हणून ते सोडू नये, असे अनेकांचे मत आहे. शर्यतीच्या वेगाचा काही सराव अवश्य हवा, यावर मात बहुतेकांचे दुमत नाही. वाद आहे तो प्रमाणाचा.

नवशिक्याने प्रथम आपली खरी वेळ मोजावी व तिच्यापेक्षा किंचितच सरस असे ध्येय ठरवावे. उडीमुळे आरंभी मिळणारा वेग भिंतीपासून निघताना मिळत नाही, हे गणितात धरावे. प्रत्येक फेरीची वेळ वहीत टिपून ठेवावी. नदीने दिलेला दम व धीर वाया जात नाही. घड्याळाच्या शिस्तीची जोड मिळाली, म्हणजे तो शर्यतीतही उपयोगी पडतो.