ध्यानाच्या आड काय येते?

(द्वितीय वर्ष, कला)

ध्यान चांगले असे सगळेच म्हणतात. रोज बसणारे मात्र थोडे. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ साली २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस ठरविला. पण दिवस ठरविल्याने सवय लागत नाही. न बसणाऱ्याला आपण आळशी म्हणून मोकळे होतो. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र आधी विचारावे, आड येते ते नेमके काय? आणि ते मोजता येईल का?

अमेरिकेत ॲना-लीला विल्यम्स व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यासाठी १७ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक विधान आपल्याला कितपत पटते, हे रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या पद्धतीने, पायरीपायरीने सांगायचे. २०२० मध्ये कार्ली हंट व सहकाऱ्यांनी तिची सुधारित आवृत्ती केली. तीत अडसरांचे चार गट आहेत: फायदा न वाटणे, माहिती अपुरी वाटणे, वेळ-जागेच्या व्यावहारिक अडचणी आणि आपल्या समाज-संस्कृतीशी विसंगती वाटणे.

या गटांचे महत्त्व मोठे आहे. समजा, दोघांच्या गुणांची बेरीज सारखीच आली. एकाला ध्यान कसे करतात तेच ठाऊक नाही. दुसऱ्याला ठाऊक आहे, पण जागा नाही. पहिल्याला एक व्याख्यान पुरेल, दुसऱ्याला दहा व्याख्यानेही पुरणार नाहीत. नुसती बेरीज हा भेद झाकून टाकते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ही प्रश्नावली अडचण मोजते ती माणसाला वाटते तशी. आमच्या घरी एक खोली आणि माणसे सहा. आई पहाटे पाणी भरते, मग कामावर जाते. ‘शांत जागा नाही’ याला ती ‘पूर्ण सहमत’ म्हणेल आणि शहरातील बंगल्यात राहणारा एखादा गृहस्थही म्हणेल. खूण एकच, पण अर्थ एकच कसा? म्हणून अशा उत्तरांच्या शेजारी घर, काम, मोकळा वेळ यांचीही नोंद हवी.

भाषेचाही प्रश्न आहे. आपल्याकडे नामस्मरण करणारा वारकरी ‘मी ध्यान करीत नाही’ असे सहज सांगेल. त्याचे नामस्मरण हा ध्यानातला अडसर मानायचा की ध्यानाचाच एक प्रकार? केवळ शब्दाला शब्द ठेवून केलेल्या भाषांतराने हे सुटणार नाही. भाषांतर पुन्हा मूळ भाषेत उलटवून ताडून पाहावे आणि आधी थोड्या लोकांवर चाचणी घ्यावी.

मोजमापाचा खरा उपयोग दोष देण्यासाठी नाही. कोणाला माहिती द्यायची आणि कोणाला वाचनालयाची एक शांत खोली अर्धा तास उघडून द्यायची, एवढे त्यातून कळले तरी पुष्कळ झाले.