‘कुत्र्यापासून सावध राहा’

फाटकावर ही पाटी लावली की आपली जबाबदारी संपली, अशी पुष्कळ मालकांची समजूत असते. कायदा तसे मानीत नाही. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम २९१ नुसार, जनावरापासून माणसाच्या जिवाला वा जबर दुखापतीचा संभवणारा धोका टाळण्यात हयगय करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

उपचारखर्चाच्या भरपाईसाठी दिवाणी दावा लावता येतो. मालकाचा निष्काळजीपणा दाखविता आला तर ठीकच. एरव्ही प्रश्न येतो, कुत्रा चावरा असल्याचे त्यास ठाऊक होते काय? इंग्लंडच्या जुन्या न्यायतत्त्वातून आलेली ही कसोटी जखमी माणसाला जाचकच म्हणावी लागेल. तेव्हा ती पाटीच पुरावा म्हणून पुढे करता येते. शिवाय आधी चावा बसलेल्या शेजाऱ्याची वा पोस्टमनची साक्षही.